कात्री कोणाच्या हाती?

घरबसल्या काय पाहावे आणि केव्हा पाहावे, हे ठरविण्याची सत्ता प्रेक्षकांच्या हाती आली, त्याला फार काळ लोटलेला नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे कार्यक्रमाची वेळ केंद्राने ठरवावी आणि घरोघरच्या मंडळींनी ती पाळावी, असाच रिवाज होता. वेळ टळली की फाट्यावरची एस. टी. चुकल्यासारखे व्हावयाचे, फरक एवढाच, की दुसरी एस. टी. निदान संध्याकाळी तरी येई.

वेळेची ही सक्ती मोडली ती ध्वनिचित्रमुद्रण यंत्राने. जपानच्या सोनी कंपनीने 1975 मध्ये ‘बेटामॅक्स’ नावाचे यंत्र घरगुती वापरासाठी विक्रीस आणले. चुंबकीय लेप दिलेल्या अरुंद फितीवर कार्यक्रम उतरवून घ्यावा आणि सवडीने पाहावा, अशी त्यात योजना होती. अमेरिकेतील युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रपटसंस्थांच्या मते मात्र ही उघड उघड चोरी होती. त्यांनी 1976 मध्ये सोनीवर खटला भरला. अखेर 17 जानेवारी 1984 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला, की पुढे केव्हातरी पाहता यावे म्हणून घरच्या घरी केलेले मुद्रण हा कायद्याचा भंग नव्हे. या खटल्यात मुलांच्या कार्यक्रमाचे लोकप्रिय सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांची साक्ष झाली होती. कुटुंबांनी आपला कार्यक्रम मुद्रित करून सोयीच्या वेळी एकत्र पाहिला, तर आपली हरकत नाही, असे त्यांनी सांगितले. या साक्षीचा उल्लेख न्यायालयाने निकालपत्रात केला. एक मत इकडचे तिकडे गेले असते, तर घरोघरची ही यंत्रे गुन्ह्याची साधने ठरली असती.

फितीत एक अडचण होती. शेवटचा प्रसंग पाहावयाचा, तर आधीची सारी फीत गुंडाळून घ्यावी लागे. 1999 मध्ये अमेरिकेत ‘टिव्हो’ आणि ‘रिप्लेटीव्ही’ ही नवी यंत्रे बाजारात आली. त्यांत चित्र आणि ध्वनी अंकांच्या रूपाने चुंबकीय तबकडीवर साठविले जातात. तबकडी अतिशय वेगाने फिरते आणि तिच्यावरील लेखन-वाचन करणारे टोक क्षणार्धात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते. त्यामुळे नवा भाग लिहिला जात असतानाच मागचा भाग वाचताही येतो. क्रिकेटचा चालू सामना मध्येच थांबवून जेवण उरकावे आणि पुन्हा तेथूनच पुढे पाहावे, हे त्यामुळे शक्य झाले. अर्थात सामना काही कोणासाठी थांबत नाही. थांबते ते पाहणे.

वेळ अशी हाती आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला तो आशयाचा. चित्रपट उत्तम आहे, पण त्यातील दोन-चार प्रसंग मुलांसमवेत पाहण्याजोगे नाहीत. मग काय करावे? अमेरिकेतील यूटा हे राज्य धार्मिक वृत्तीच्या कुटुंबांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एका दुकानदाराने 1998 मध्ये ‘टायटॅनिक’ या चित्रपटाच्या ग्राहकांनी आणलेल्या फितींतून नको ते भाग काही डॉलरांत कापून देण्यास आरंभ केला. पुढे त्याच राज्यात ‘क्लीनफ्लिक्स’ नावाची कंपनी निघाली. ती चित्रपटाची काटछाट केलेली प्रत तयार करी आणि अशा प्रत्येक प्रतीमागे एक मूळ प्रत विकत घेई. तेव्हा निर्मात्याचे नुकसान कोठे झाले, असा तिचा युक्तिवाद होता. स्टीव्हन स्पीलबर्ग, मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकांना तो मान्य नव्हता. आपल्या नावावर खपणारी कलाकृती दुसऱ्याने छाटलेली असावी, हेच त्यांना सहन होईना. 2006 च्या जुलैमध्ये न्यायाधीश रिचर्ड मॅच यांनी क्लीनफ्लिक्सचा व्यवसाय बेकायदेशीर ठरविला.

याच काळात ‘क्लिअरप्ले’ या दुसऱ्या कंपनीने निराळी युक्ती योजिली. तिने चित्रपटाच्या तबकडीला हातही लावला नाही. अमुक मिनिटाच्या अमुक सेकंदाला आवाज बंद करावा, तमुक ठिकाणी पुढे उडी घ्यावी, अशा सूचनांची केवळ यादी तिने बनविली. घरातील यंत्र ती यादी वाची आणि त्याप्रमाणे चित्रपट दाखवी. तबकडी बाहेर काढली, की चित्रपट पूर्वी होता तसाच. अमेरिकेने 2005 मध्ये कायदा करून घरगुती पाहण्यापुरत्या या पद्धतीला मोकळीक दिली. अट एवढीच, की काटछाट केलेली नवी प्रत तयार होता कामा नये.

हा भेद वरवर पाहता केसाएवढा वाटतो. पण आजी नातवंडांना महाभारत वाचून दाखविते, तेव्हा दुःशासनवधाचा प्रसंग आला की ती चार ओव्या हळूच ओलांडते. ग्रंथ शाबूत राहतो. नातू मोठा झाला की त्याच ग्रंथात त्याला तो प्रसंग सापडतो. याउलट, कोणी त्या ओव्या गाळून ग्रंथ नव्याने छापला आणि मूळ कवीच्या नावाने विकला, तर पुढच्या वाचकाला काय गळले हे कळण्याची सोयच उरत नाही.

तथापि यादीच्या युक्तीनेही सारे प्रश्न सुटत नाहीत. युद्धावरील चित्रपटातून जखमी सैनिकाचे विव्हळणे गाळले, तर युद्ध म्हणजे बंदुकांचा खेळ वाटू लागतो. दिग्दर्शकाने जे दुःख दाखविण्यासाठी चित्रपट काढला, तेच नेमके दिसेनासे होते. अशा चित्रपटाला कात्री लावण्यापेक्षा मुलांनी तो दोन-चार वर्षांनी पाहावा, हे अधिक बरे.

भारतात चित्रपटांचे प्रमाणन 1952 च्या चलच्चित्र अधिनियमानुसार होते. 2023 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ‘यूए’ वर्गाचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे पडले. त्या वयाखालील मुलाने चित्रपट पाहावा की नाही, हे पालकांनी ठरवावे, असा त्यांचा अर्थ. इंटरनेटवरून घरी येणाऱ्या चित्रपटांसाठी 2021 च्या नियमांतही अशीच वर्गवारी सांगितली असून, 13 वर्षांच्या आणि त्यावरील टप्प्यांना पालकांच्या कुलपाची तरतूद आहे. गुप्त आकडा घातल्यावाचून ते कुलूप उघडत नाही. मात्र त्याने चित्रपटाचा एकही तुकडा गळत नाही. आकडा ठाऊक असला, तर चित्रपट संपूर्ण दिसतो. नसला, तर मुळीच दिसत नाही.