हार्ड बुटांची बाइंडिंग घेताना

बाइंडिंग म्हणजे बूट स्नोबोर्डला पक्का धरणारी जोडणी. औली-गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला निघालेल्या नवशिक्याला वाटते, पडल्यावर ती स्कीच्या बाइंडिंगसारखी आपोआप सुटेल. पण हार्ड (कडक कवचाच्या) बुटांच्या बहुतेक प्लेट बाइंडिंग (चवडा व टाच पोलादी कड्यांनी धरणारा पाट) सुटत नाहीत. कारण एकच पाय सुटला तर अडकलेल्या पायाच्या गुडघ्यावर सगळा पीळ येतो.

महाग आणि ताठ तीच चांगली, हेही खरे नाही. स्कूटरचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर फार कडक असले की प्रत्येक खड्डा अंगावर येतो, तसेच इथे. नवशिक्याने थोडी लवचीक घ्यावी. वापरलेली स्वस्तात मिळाली तर उत्तमच. मात्र कड्यांना तडा नाही ना, बुटाच्या तळव्याची लांबी जुळते ना, स्क्रूची भोके बोर्डाशी बसतात ना, हे पैसे देण्याआधी पाहावे.