इंग्रजी उच्चार आणि आपलें शिक्षाशास्त्र

मारुंजी हें मुळशी तालुक्यांतील गांव हिंजवडीच्या लगत आहे. शेजारीं संगणकाच्या कचेऱ्यांची नगरीच वसली असल्यामुळें आमच्या गांवांत इंग्रजी ही आतां केवळ परीक्षेची भाषा राहिली नसून पोटाची भाषा झाली आहे. तरीहि एखाद्या मुलीनें ‘मी बी. ए. ला इंग्रजी घेऊन व्याकरण आणि उच्चारशास्त्र शिकणार’ असें म्हटलें, कीं घरांत दोन आक्षेप निघतात. वडील म्हणतात, “व्याकरण शाळेंत झालें कीं! तर्खडकर पाठ केला म्हणजे संपलें.” काका म्हणतात, “उच्चारच सुधारावयाचे तर तीन महिन्यांचा वर्ग पुरे. तीन वर्षें कशाला?” ह्या दोन्ही आक्षेपांचा येथें थोडा विचार करूं.

शाळेचें व्याकरण विधिनिषेधांचें असतें. विद्यापीठांतील व्याकरण कारणांचें असतें. अनेकवचन करतांना शब्दास ‘एस’ लावावा, एवढें शाळा सांगते. पण ‘कॅट’ चें अनेकवचन उच्चारतांना शेवटीं स् ऐकूं येतो, ‘डॉग’ च्या अनेकवचनांत ‘जहाज’ मधल्या ज सारखा ध्वनि येतो, आणि ‘हॉर्स’ च्या अनेकवचनांत मध्यें एक ऱ्हस्व इकार शिरतो. असें कां व्हावें? ट् अघोष आहे म्हणून पुढील स् अघोष राहिला. ग् घोष आहे म्हणून त्यानें स् ला घोष केलें. आणि स् पुढें स् उच्चारणें अवघड म्हणून मध्यें स्वर आला. आपल्या घरीं ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होतो हें मुलांना ठाऊक असतें. तत्त्व एकच, भेद इतकाच, कीं संस्कृतांत पुढचा वर्ण मागच्यास आपल्यासारखा करतो, आणि येथें मागचा पुढच्यास. ज्यानें संधि समजून घेतला, त्याला हा धडा परका वाटूं नये.

तो परका नाहींच. वर्णांचें स्थान, प्रयत्न, घोष, प्राण यांचें विवेचन आमच्या प्रातिशाख्यांनीं पाश्चात्त्यांच्या कितीतरी शतकें आधीं केलें. व्हिटने ह्या अमेरिकन पंडितानें अथर्ववेदाचें प्रातिशाख्य १८६२ त भाषांतरासह प्रसिद्ध केलें. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र-मंडळ पॅरिसला निघालें तें १८८६ त. आणि डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश आला १९१७ त. संधि, द्वंद्व, बहुव्रीहि हे शब्द तर पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनीं जसेच्या तसे उचलले आहेत. खुद्द पुण्यांत विश्रामबाग वाड्यांत १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा निघाली. १८५१ त तिचा इंग्रजी शाळेशीं संयोग झाला आणि त्यांतूनच पुढें डेक्कन कॉलेज उभें राहिलें. अशोक केळकर यांनीं मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत प्रबंध लिहिला व १९५८ त पदवी मिळविली. म्हणजे हें शास्त्र शिकणारा आपल्या भाषेपासून दूर जातो, असें मुळींच नाहीं.

आतां दुसरा आक्षेप. तीन महिन्यांचा वर्ग नक्कल शिकवितो. शास्त्र कान तयार करतें. इंग्रजीचीं अक्षरें २६, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारांत ध्वनि सुमारें ४४. त्यांतील ‘टी’ हा आपला त नव्हे आणि ट हि नव्हे. जीभ दांतांना लागत नाहीं वा मागें वळतहि नाहीं, ती वरच्या हिरडीस टेकते. ‘पिन’ मधला आरंभींचा प इंग्रज किंचित् महाप्राण करतो, ‘स्पिन’ मधला करीत नाहीं. आपण दोन्ही अल्पप्राणच उच्चारतों. त्यामुळें आपली ‘पिन’ त्याच्या कानीं कधीं कधीं ‘बिन’ होऊन पडते.

ह्याहून महत्त्वाचा आहे तो आघात. त्वष्ट्यानें इंद्राच्या नाशासाठीं यज्ञ मांडला आणि ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा उदात्त शेवटीं देण्याऐवजीं आरंभीं दिला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्राचा घात करणारा जन्मण्याऐवजीं इंद्र ज्याचा घात करील असा वृत्र जन्मला. ही कथा वाचकांना परिचित आहे. इंग्रजींत ‘ग्रीनहाउस’ म्हणतांना आघात पहिल्या पदावर दिला, तर झाडांसाठीं केलेलें कांचगृह. दुसऱ्यावर दिला, तर केवळ हिरवें घर. एक समास, दुसरा साधा शब्दसमूह. स्वरानें अर्थ फिरतो, हें ज्यांच्या पूर्वजांनीं कथा रचून शिकविलें, त्यांच्या मुलांनीं ह्या धड्याला कंटाळावें काय?

ह्या अभ्यासाचा आम्हांस सर्वांत मोठा वाटणारा लाभ मात्र निराळाच आहे. आमच्या अध्यापनाच्या काळांत आम्ही अशीं मुलें पाहिलीं, कीं ज्यांचें लेखन निर्दोष, पण वर्गांत तोंड म्हणून उघडीत नसत. कारण घरचें ‘पानी’ शाळेंत ‘पाणी’ झालें नाहीं, म्हणून त्यांना एकदां कोणी हसलें होतें. तो धाक इंग्रजीच्या तासालाहि पाठ सोडीत नसे. हसणारीं घरें बहुधा आपल्यासारखींच असतात, हें स्पष्ट बोललेंच पाहिजे. त्याच घरांत इंग्रजी ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ ह्या दोन शब्दांचे आरंभ सर्रास एकसारखे उच्चारले जातात, आणि तें कोणाच्या कानाला खटकत नाहीं! ध्वनिशास्त्र सांगतें, कीं ‘न’ उच्चारणाऱ्याची जीभ हीन नसते. ती निराळ्या बोलींत वाढलेली असते. जो एका दारीं हसतो, तो दुसऱ्या दारीं हास्यास्पद असतो. ही समज तीन महिन्यांच्या वर्गांत मिळत नाहीं.

ह्या विषयानें नोकरी हमखास मिळेल, असें आम्ही सांगणार नाहीं. शिक्षक, भाषांतरकार, संपादक ह्यांना त्याचा थेट उपयोग. इतरांना तें विचारांचें वळण. विद्यार्थ्यानें क्वर्क आणि ग्रीनबॉम यांचें १९७३ चें विद्यापीठीय व्याकरण आणि बालसुब्रमण्यम् यांचें १९८१ चें उच्चारशास्त्राचें पुस्तक जवळ ठेवावें, रोज दहा शब्दांचे आघात कोशांत पाहावेत, आणि साहेबाची लकब उचलण्यापेक्षां आपलें बोलणें ऐकणाऱ्यास नीट कळावें, एवढेंच ध्येय ठेवावें. पालकांस विनंति एकच: मुलगी हा विषय मागत असेल, तर तिला अडवूं नये, आणि घरांत कोणाच्याहि उच्चारास हसणें आजपासूनच बंद करावें.