डोन्ट बग मी!

होस्टेलवर दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडणारं वाक्य कोणतं? 'डोन्ट बग मी, यार!' मेसचे पैसे मागणारा सेक्रेटरी, जर्नल परत मागणारा पार्टनर, पहाटेचा अलार्म... सगळेच आपल्याला 'बग' करतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द माझ्या तोंडात जरा जास्तच बसलेला.

सबमिशनच्या आठवड्यात तलवाड्याहून (ता. गेवराई) आजीचा एकाच दिवसात तिसरा फोन. 'जेवलास का? येळेवर झोपतूस का?' मी वैतागून म्हणालो, 'आजी, डोन्ट बग मी!' ती म्हणाली, 'काय बगू रं?' आमच्याकडे 'बघ'ला 'बग' म्हणतात ना! रूममध्ये हशा पिकला. मीही शहाणपणा केला, 'अगं, बग म्हणजे ढेकूण, किडा.' ती नुसतं 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. पुढे दोन आठवडे तिचा फोन आला नाही. तेव्हा कुठे मी डिक्शनरी उघडली.

'बग'चा पहिला अर्थ किडा. शास्त्रात मात्र सोंडेने रस शोषणारे कीटक, म्हणजे हेमिप्टेरा गणातले, तेच खरे बग. आपल्या खाटेतला ढेकूण त्यातलाच. आणि आमच्या कपाशीवर पडणारे मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूणही त्यातलेच.

दुसरा अर्थ आपल्या धंद्यातला: यंत्रातला किंवा प्रोग्रॅममधला दोष. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तो लॉगबुकात चिकटवून 'खराखुरा बग पहिल्यांदाच सापडला' अशा अर्थाची नोंद केली गेली. पण हा शब्द त्याहून जुना आहे. एडिसनने १८७८ सालच्या पत्रातच बारीकसारीक दोषांना 'बग' म्हटलंय. तिसरा अर्थ चोरून ऐकण्याचं यंत्र. १९७२ सालचं वॉटरगेट प्रकरण आठवा.

आणि चौथा आपला रोजचा: कटकट करणं, भुणभुण लावणं, डोकं खाणं. हा बोलीतला शब्द आहे, त्यामुळे प्रिन्सिपॉल सरांच्या अर्जात तो लिहू नये! एखाद्या गोष्टीसाठी मागे लागणं म्हणजे 'बग समवन अबाउट समथिंग'. इथे आपली मराठी जास्त श्रीमंत वाटते. पैशासाठी तगादा, हट्टासाठी भुणभुण, प्रश्नांनी भंडावणं, गंमत म्हणून खोडी, आणि जीव नकोसा करतो तो छळ. इंग्रजीतही यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, पण आपण सगळ्यालाच 'बग' म्हणून मोकळे होतो.

घोटाळा इथेच होतो. 'आम्ही ज्युनिअरला फक्त बग करत होतो' असं कुणी म्हणतं, तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं? महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकी, अंगाशी येणारी थट्टा हे सगळं मोडतं आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. छळाला 'बग' म्हटलं की तो छोटा वाटतो. उलट आजीच्या काळजीला 'बग' म्हटलं की ती किडा ठरते. दोन्हीकडे शब्द एकच, आणि दोन्हीकडे चुकीचा.

याच शब्दाचा एक चांगला उपयोगही आहे. 'व्हॉट्स बगिंग यू?' म्हणजे 'तुला काय खातंय?' शेजारच्या कॉटवरचा मुलगा चार दिवस मेसला आला नसेल, तर हे जरूर विचारावं.

शेवटी मीच तलवाड्याला फोन लावला. 'आजी, जेवलीस का? झोपतेस का वेळेवर?' पलीकडून हसू ऐकू आलं. 'आता तू बग करायलास व्हय रं मला?'

शब्द तिला पाठ झाला होता. दुसऱ्या दिवशी तिचे तीन फोन आले. तिन्ही घेतले.