नवऱ्याने काय करायचं?
स्तनाच्या कर्करोगातल्या सोबतीचा पन्नास वर्षांचा मागोवा

२८ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा कर्करोग झालेला स्तन शस्त्रक्रियेने काढला गेला आणि त्यांनी ते जगाला सांगितलं. तोवर या आजाराचं नाव घरातही दबक्या आवाजात घेतलं जाई. त्यांच्या सांगण्याने अमेरिकेत हजारो बायका तपासणीला बाहेर पडल्या, ही गोष्ट पुष्कळदा लिहिली जाते. मला मात्र रुग्णालयातल्या त्यांच्या फोटोंमध्ये शेजारी दिसणारा नवरा महत्त्वाचा वाटतो. या आजाराच्या चित्रात तो तोवर कुठे दिसतच नव्हता.

तो दिसणार तरी कसा? गाठ असलेल्या बाईला तेव्हा एकदाच भूल देत. तुकडा काढून तपासत आणि कर्करोग निघाला तर त्याच टेबलावर स्तन, बहुतेकदा त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर बाईचा पहिला हात छातीकडे जाई. रोझ कुश्नर या अमेरिकन पत्रकार स्वतः या आजारातून गेल्या होत्या. या पद्धतीविरुद्ध त्या झगडल्या. अखेर १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळी करावी असा निर्वाळा दिला. मधले ते मोजके दिवस डॉक्टरांसाठी निर्णयाचे होते, पण नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला वेळ मिळाला तो तिथेच.

पुढे शस्त्रक्रियाही बदलली. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की, लवकर सापडलेल्या आजारात फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी बाई तितकीच जगते. आपल्याकडे याचा लाभ पुष्कळींना मिळत नाही, कारण त्या उशिरा येतात. गाठ सहसा दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं धरून चालतात. मुलीचं लग्न, मुलाची बारावी, शेतातली सुगी उरकू दे, मग बघू. नवऱ्याला सांगायचा संकोच असतोच. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला. त्यातल्या कितीतरी जणींनी गाठीची गोष्ट आधी महिनोन्‌महिने पोटात ठेवलेली असते.

नवऱ्याला काय वाटतं, हे विचारायची पाळी वैद्यकशास्त्रावर फार उशिरा आली. १९७८ मध्ये वेलिश, जेमिसन आणि पास्नाऊ या अभ्यासकांनी स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जोडीदारांना प्रश्न विचारून निबंध लिहिला. निर्णयात तुम्ही होता का, रुग्णालयात भेटायला जात होता का, तिची जखम पाहिली का, पुन्हा जवळ कधी आलात, असे त्यातले विषय होते. आपल्याकडे हे प्रश्न आजही क्वचितच विचारले जातात.

आपला नवरा काय करतो, ते परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात दिसतं. विदर्भातून, खानदेशातून आलेला माणूस फाइल छातीशी धरून रांगेत उभा असतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन मिळालं तर तो नशीब समजतो. रिपोर्ट, महात्मा फुले योजनेचे कागद, रक्ताची सोय, गावाकडे फोन, सगळं तोच बघतो. ऑपरेशननंतर बाईच्या कुशीतून एक नळी निघते, तिच्या टोकाला ड्रेनची पिशवी असते. रोज त्यातलं लालसर पाणी मापात ओतायचं, किती मिली आलं ते वहीत तारीख टाकून लिहायचं, पिशवी पुन्हा दाबून बसवायची. आयुष्यात घरात पाण्याचा तांब्या न उचललेले पुरुष हे काम मन लावून करताना दिसतात. तीही माया असते आणि बाईला ती कळते.

अडतं ते पुढे. केमोचं लाल औषध सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके येतात. ती रडायला लागली की तो म्हणतो, “रडू नकोस, धीर धर, सगळं नीट होईल.” ती डोळे पुसते. त्याला त्रास नको म्हणून पुढच्या वेळी न्हाणीघरात जाऊन रडते. तोही गच्चीवर जाऊन उभा राहतो. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे पडतात. जेम्स कॉयन, शॅरन मॅन या मानसशास्त्रज्ञांनी अशा जपण्याचा अभ्यास केला. काळजी दडवल्याने ती कमी होत नाही, दडवणाऱ्याचा ताण वाढतो.

आजारपणात लग्नं मोडतात, हे भयही खरं आहे. २००९ मध्ये अमेरिकेत मेंदूतली गाठ, कर्करोग आणि मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या ५१५ रुग्णांच्या अभ्यासात बायको आजारी असेल तर सुमारे २१ टक्के जोडपी विभक्त झाली होती, नवरा आजारी असेल तर फक्त ३ टक्के. त्या आकड्यातला अन्याय कोणीही नाकारू नये. पण २००५ मध्ये कॅनडातल्या क्युबेकचा एक अभ्यास आला, तो स्तनाच्या कर्करोगाचाच. २८२ जोडप्यांपैकी ४२ टक्क्यांमध्ये नवरा आणि बायको दोघांनीही सांगितलं की या आजाराने आम्ही जास्त जवळ आलो. अशा जोडप्यांत बायकोला नवऱ्याची माया वाढलेली जाणवली होती. आणि नवरा आपलं मन तिच्याजवळ उघडं करत होता, आजाराला कसं तोंड द्यायचं हे सुरुवातीच्या दिवसांतच तिला विचारत होता.

या पन्नास वर्षांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. आपण नवऱ्याला खांब व्हायला सांगत आलो. बायकोला हवा होता तो “मलाही भीती वाटते, तू सांग काय करू,” असं म्हणणारा माणूस. तिला विचारलं की ती नुसती रुग्ण राहत नाही, घरातली कर्ती होते.

ही गरज शेवटच्या रेडिएशनला संपत नाही. पाहुणे थांबतात, घर म्हणतं, “झालं ना आता.” बाईला मात्र पुष्कळदा पाच किंवा दहा वर्षं टॅमॉक्सिफेनसारखी गोळी घ्यायची असते, अंगातून वाफा निघत असतात, हाताला सूज यायची धास्ती असते. दिवा मालवल्यावर नवरा पाठ फिरवून झोपला तर तो दमलाय की आपला व्रण त्याला नकोसा झालाय, हे तिला कळत नाही. दुखेल म्हणून तो हात लावत नाही आणि तसं बोलतही नाही. इथे एक वाक्य पुरतं, पण ते त्यानेच आधी बोलायला हवं.

म्हणून ऑपरेशनची तारीख ठरेल त्याच दिवशी समुपदेशकाने नवऱ्यालाही आत बोलवावं. ड्रेनची वही समजावतात तशीच जखम पहिल्यांदा पाहण्याची, जवळ येण्याची, भीती बोलून दाखवण्याची गोष्टही सांगावी. जिला नवरा नाही किंवा जिच्या नवऱ्याने पाठ फिरवली, तिच्या बहिणीला, मुलाला, मैत्रिणीला त्या खुर्चीत बसवावं. आपले नवरे शिकतात, हे परळच्या रांगा रोज दाखवतात. त्यांना फक्त कोणी तरी शिकवायला हवं.