कबड्डीपटूची कमाई: लिलाव, नोकरी आणि खाडा

व्यावसायिक कबड्डीपटू म्हणजे खेळण्याचा करार करून त्याचे पैसे घेणारा खेळाडू. मोशी, भोसरी, चाकण या पट्ट्यात कबड्डी न पाहिलेला माणूस सापडणे कठीण. पण या खेळावर घर कसे चालते, याविषयीच्या समजुती बहुतेक टीव्हीवरच्या लिलावातून आलेल्या असतात.

त्यातला सर्वांत मोठा गैरसमज आकड्यांचा. प्रो कबड्डी 26 जुलै 2014 रोजी सुरू झाली, तेव्हा सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार 12 लाख 80 हजारांना गेला होता. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लागली. म्हणून सगळेच खेळाडू कोट्यधीश झाले असे वाटते. मात्र त्याच लिलावात एका संघाला खर्चाची मर्यादा 5 कोटींची होती आणि अख्खा संघ तेवढ्यातच बसवायचा होता. मूळ किंमत अ गटाला 30 लाख, ब गटाला 20, क गटाला 13 आणि ड गटाला 9 लाख. एकावरच अडीच कोटी गेले, की बाकीच्यांचे हिशेब मूळ किमतीच्या आसपासच मिटतात. शिवाय बोली एका हंगामाची असते. दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 ते 1 मार्च 2024 असा तीन महिने चालला. पुणेरी पलटणने अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून तो जिंकला. पुढच्या वर्षी संघ ठेवील की सोडील, याची हमी विजेत्यांनाही नसते.

एकदा भाव चढला की तो चढतच जातो, हीही समजूत खरी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडे 36 लाख 40 हजारांना गेला. एकाच हंगामातल्या चढायांनी त्याचे नाव झाले आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. 2021 च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामात खांद्याने दगा दिला आणि मोजक्या सामन्यांनंतर त्याला बाहेर बसावे लागले. 2022 मध्ये त्याच संघाने त्याला 20 लाखांत घेतले. पुढच्याच वर्षी हरियाणाने 1 कोटी दिले, तर 2024 मध्ये दिल्लीने 26 लाख. सहा वर्षांतले हे चढउतार पाहिले, की खेळाडूच्या घरात कोणत्या आकड्यावर कर्ज काढायचे हा प्रश्न किती अवघड असेल, ते कळते.

म्हणूनच 'करार मिळाला, आता नोकरी कशाला' हे बोलणे धोक्याचे. महाराष्ट्रातल्या कबड्डीत 'व्यावसायिक गट' हा शब्द प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचा अर्थ कंपन्या, बँका आणि सरकारी आस्थापनांचे संघ. महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया अशा संघांनी खेळाडूंना महिन्याचा पगार दिला आणि सरावाला वेळही दिला. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, तेही याच वाटेवरचे. लिलावाच्या झगमगाटापेक्षा या पगारांनी जास्त घरे उभी केली.

काम आणि खेळ यांची ही ओढाताण कबड्डीपुरती नाही. इंग्लंडमधला 'रग्बी लीग' हा खेळ तिच्यातूनच जन्मला. नाव ऐकून ती रग्बीची एखादी स्पर्धा वाटते. प्रत्यक्षात तो 13 खेळाडूंचा स्वतंत्र खेळ आहे. मुंबईत जून 2025 मध्ये झालेली रग्बी प्रीमियर लीग सात जणांच्या रग्बीची होती, तिचा याच्याशी संबंध नाही. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी सामना खेळले की त्यांचा खाडा पडे. तो भरून द्यावा, ही तिथल्या क्लबांची मागणी रग्बीच्या मुख्य संघटनेने फेटाळली, तेव्हा 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात ते क्लब वेगळे झाले. चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेल्या आणि शनिवारी संध्याकाळी तालुक्याचा सामना असलेल्या मोशीच्या मुलाला हा इतिहास समजावून सांगावा लागत नाही.

कबड्डी हा नुसत्या ताकदीचा खेळ आहे, हा समज तर मैदानाच्या कडेला उभे राहिले तरी गळून पडतो. वरिष्ठ पुरुष गटात वजनाला 85 किलोंची मर्यादा आहे, त्यामुळे अंग वाढवत नेणे हा मार्गच बंद. चढाई 30 सेकंदांची. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, मागचा पाय हवेत ठेवून पुढचा बोनस रेषेपलीकडे टेकवतो. ही बोनस गुणाची संधी समोर किमान सहा बचावपटू असतील तरच. त्याच क्षणी कोपऱ्यातला बचावपटू घोट्यावर झेप घेतो. सगळा भार एका गुडघ्यावर आणि तो पिळलेला. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो. गावच्या मैदानातून आलेल्या मुलाला हा बदल अंगवळणी पाडायला वेळ लागतो.

मुलींच्या बाबतीत 'प्रो कबड्डी आहेच की' हे म्हणणे सपशेल चुकीचे. 2016 मध्ये तीन संघांचे महिला कबड्डी चॅलेंज झाले, त्यात आइस दिवाज संघाची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. ती स्पर्धा एका हंगामातच थांबली. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले. पुरुष संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते, महिला संघात पुण्याची स्नेहल शिंदे. पदक सारखेच होते. अस्लम आणि आकाश परत येऊन त्याच वर्षी पुणेरी पलटणकडून प्रो कबड्डीत उतरले. स्नेहलसाठी तशी लीगच नव्हती.