नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश... आणि पाहुणा घरात!

होमपेज आपोआप बदललंय? पीडीएफ मागितली की भलतीच फाईल उतरतेय? तुमच्या ब्राउझरमध्ये कुणीतरी बिऱ्हाड थाटलंय. त्याला बाहेर कसं काढायचं, आणि तो आत आलाच कसा?

सोमवार सकाळ. दहाच्या मीटिंगसाठी एक पीडीएफ हवी असते. तुम्ही नाव टाइप करता, तर नेहमीच्या गूगलऐवजी कुठलंसं अनोळखी सर्च पान उघडतं. वरच्या चार लिंक जाहिरातींच्या. पाचवीवर क्लिक करावं, तर एकाच पानावर तीन ‘डाऊनलोड’ बटणं. तिन्ही हिरवी, तिन्ही ठळक. एक दाबलं की पीडीएफऐवजी ‘सेटअप’ नावाची फाईल उतरते. वर कोपऱ्यात एक लाल खिडकी ओरडत असतेच, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत!’

अशा वेळी आयटीवाला मित्र एकच सल्ला देतो, ‘फॉरमॅट मार!’ पण जरा थांबा. हा बहुतेक वेळा अ‍ॅडवेअरचा प्रताप असतो आणि तो घालवायला सहसा फॉरमॅट लागत नाही. लागतो तो अर्धा-पाऊण तास आणि थोडा पेशन्स.

फुकटचं बिल कोण भरतं?

व्हायरस चोरासारखा मागच्या खिडकीतून शिरतो. अ‍ॅडवेअर पुढच्या दारानं येतं आणि बऱ्याचदा दार आपणच उघडतो. एखादा व्हिडिओ प्लेअर किंवा पीडीएफ कन्व्हर्टर फुकट मिळतो. मग त्याच्या कर्त्याचं पोट कसं भरतं? अनेकदा दुसरी एखादी कंपनी त्याला सांगते, ‘तुझ्या सॉफ्टवेअरसोबत आमचंही बसव. जितक्या कॉम्प्युटरवर बसेल, तितक्यांचे पैसे देऊ.’ म्हणून इन्स्टॉल करताना तो छोटासा चौकोन आधीच टिक केलेला असतो. आपण घाईत नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार! इथं आयजी म्हणजे आपण.

हा धंदा जुना आहे. ‘काझा’वरून गाणी उतरवायचे दिवस आठवतात? त्या काझाबरोबर ‘गेटर’ यायचं. तुम्ही कोणती साइट बघताय यावर लक्ष ठेवून ते तिच्यावर दुसऱ्याच जाहिराती उघडायचं. चिडलेल्या अमेरिकन वृत्तपत्र कंपन्यांनी २००२मध्ये गेटरला कोर्टात खेचलं. पुढच्याच वर्षी कंपनीनं स्वतःचं नाव बदलून ‘क्लॅरिया’ केलं. ‘झँगो’ या दुसऱ्या अ‍ॅडवेअर कंपनीला २००६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना ३० लाख डॉलर मोजावे लागले. आणि हे फक्त आडबाजूच्या कंपन्यांचंच काम होतं असं नाही. जावाच्या अपडेटबरोबर ‘आस्क’चा टूलबार कित्येक वर्षं येत असे, तोही आधीच टिक केलेला.

नुसत्या जाहिराती असत्या तर...

‘जाहिराती दिसतात, दिसू देत की! आपलं काय जातं?’ असं वाटत असेल, तर सुपरफिशची गोष्ट वाचाच.

२०१४मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश कंपनीचं एक सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं होतं. तुम्ही ऑनलाइन एखादी वस्तू बघितलीत की ते तशाच दिसणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती दाखवायचं. पण बँकेच्या किंवा मेलच्या साइट ‘एचटीटीपीएस’नं कुलूपबंद असतात. अशा पानांतही घुसता यावं म्हणून सुपरफिशनं लॅपटॉपमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट बसवलं. म्हणजे सोसायटीच्या वॉचमननं प्रत्येक फ्लॅटची डुप्लिकेट किल्ली करून घ्यावी, तसं. त्यातही सगळ्या लॅपटॉपची किल्ली एकच! फेब्रुवारी २०१५मध्ये हे उघडकीला आलं आणि एका सिक्युरिटी संशोधकानं काही तासांतच तिचा पासवर्ड शोधून काढला. अशा लॅपटॉपवरून कॉफी शॉपच्या वाय-फायवर बसलात, तर शेजारच्या टेबलवरचा माणूस तुमच्या बँकेचं सोंग घेऊ शकला असता आणि ब्राउझरनं हूं की चूं केलं नसतं.

आपल्या कामाची गोष्ट तर पुढेच आहे. नुसतं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी ते सर्टिफिकेट मागे राहत होतं. लेनोव्होला ते काढायचं वेगळं टूल द्यावं लागलं. पाहुणा गेला, तरी किल्ली त्याच्याच खिशात!

एक्स्टेन्शनचंही असंच. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचं एक्स्टेन्शन वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२०मध्ये मूळ कर्त्यानं ते विकलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलनं ते मालवेअर ठरवून बंद केलं. नाव तेच, आयकॉन तोच, मालक मात्र नवा! बसवताना चांगलं होतं, एवढ्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

सफाई मोहीम, एकेक पायरी

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर काहीही न काढता आधी आयटी डिपार्टमेंटला कळवा. त्यात क्लायंटचा डेटा असतो आणि कुठून काय शिरलं, हे त्यांना तपासायचं असतं. घरचा असेल तर बाह्या सरसावा.

१. नोटिफिकेशन बंद करा. कोपऱ्यातली ती लाल खिडकी बऱ्याचदा व्हायरसची नसतेच. कधीतरी एखाद्या साइटला आपण ‘अलाव’ म्हटलेलं असतं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि अनोळखी नावं उडवा. कित्येकांचं काम इथंच होतं.

२. कार्यक्रमांची यादी बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडा आणि यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय बसलं, ते लगेच दिसेल. ओळखीचं नसलेलं नाव आधी सर्च करा, मगच काढा. नाहीतर साउंडचा ड्रायव्हर उडवून बसाल!

३. एक्स्टेन्शन तपासा. गरज नाही ते काढा. शंका आहे ते बंद करून दोन दिवस बघा.

४. ब्राउझर रीसेट करा. क्रोममध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’, फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश’. बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. काही साइटवर पुन्हा लॉग-इन करावं लागू शकतं.

५. स्कॅन करा. मालवेअरबाइट्सचं ‘अ‍ॅडक्लीनर’ खास याच कामासाठी आहे आणि मोफत आहे. मात्र ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. सर्ट-इननं २०१७मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही मोफत टूल्स आहेत. शेवटी विंडोजच्या डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेल्यांना पळायला वेळ मिळत नाही.

६. पासवर्ड बदला. मेल आणि बँकेचा तर नक्कीच, पण सफाई झाल्यावर. आधी बदललात तर नवाही त्याच्याच हाती लागायचा.

काढलं तरी परत येतंय?

मग चार जागा तपासा. पहिली, डेस्कटॉपवरचा ब्राउझरचा शॉर्टकट. राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. ‘टार्गेट’च्या शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा. दुसरी, विंडोजची प्रॉक्सी सेटिंग. तुम्ही स्वतः लावली नसेल, तर बंद. तिसरी, ‘टास्क शेड्यूलर’. रोज सकाळी अ‍ॅडवेअर पुन्हा बसवायचं काम इथं लावून ठेवलेलं असू शकतं. चौथी, ब्राउझरचं सिंक. इकडे काढलेलं एक्स्टेन्शन तुमच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सिंक होऊन परत येतं.

आणखी एक खूण. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या मेनूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसतंय? काही अँटिव्हायरसमुळेही ते दिसतं. पण तसं काही नसेल आणि एखादं एक्स्टेन्शन ‘रिमूव्ह’च होत नसेल, तर कुणीतरी तुमच्या ब्राउझरचा साहेब होऊन बसलंय. इतकं करूनही हटत नसेल, तर मात्र डेटाचा बॅकअप घ्या आणि मित्राचा तो फॉरमॅटचा सल्ला ऐका.

सफाईवालाच चोर निघाला तर?

‘फक्त ९९९ रुपयांत कॉम्प्युटर स्वच्छ!’ असं सांगत उगवणाऱ्या खिडक्यांपासून दोन हात लांब. ‘विनफिक्सर’सारखी सॉफ्टवेअर खोटा स्कॅन दाखवून, नसलेले व्हायरस मोजून पैसे उकळायची. २००८मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं ती विकणाऱ्यांना कोर्टात खेचलं, तोवर दहा लाखांहून जास्त लोक फसले होते. खिडकीतल्या नंबरवर फोन करू नका, कॉम्प्युटरचा ताबा तर कुणाला देऊच नका. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३०वर कळवा.

हे लक्षात ठेवा...

• सॉफ्टवेअर मूळ कर्त्याच्या साइटवरूनच घ्या. सर्चमधली सगळ्यात वरची लिंक बऱ्याचदा जाहिरात असते.
• ‘एक्स्प्रेस’ नको, ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ निवडा. लपवलेले टिक तिथंच सापडतात.
• पीडीएफ किंवा गाणं मागितलं आणि ‘ईएक्सई’ आली, तर न उघडता डिलीट.
• ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ सुरू ठेवा.
• महिन्यातून एकदा एक्स्टेन्शनच्या यादीवर नजर टाका.

आणि हो, या वीकेंडला घरी जाल तेव्हा आई-बाबांचा कॉम्प्युटरही एकदा उघडून बघा. ‘हल्ली नेट फार स्लो झालंय’ असं ते म्हणत असतील, तर दोष नेटचा नसेलही. तिथंही एखादा पाहुणा मुक्कामाला असायचा!