भेंडाची गोळी आणि स्थिर विद्युत्

स्थिर विद्युत् हा विषय शाळेंत बहुधा व्याख्येपासून सुरू होतो, आणि माझ्या मतें तेथेंच बिघडतो. 'घर्षणानें विद्युत् उत्पन्न होते' हें वाक्य मुलें वहींत उतरून घेतात. फणीकडे कागदाचे कपटे उडालेले पाहिले कीं प्रयोग संपला असें समजून घंटेची वाट पाहूं लागतात. वस्तुतः प्रयोगास तेथून आरंभ व्हावयास पाहिजे.

बाशिंगें ज्या भेंडाचीं करितात त्याची हरभऱ्याएवढी गोळी करून रेशमी धाग्यानें टांगावी. सुती दोरा नको. त्यांत ओल राहते व तिच्यावाटें विद्युत् निसटून जाते. कोरड्या केसांवर घासलेली प्लॅस्टिकची फणी जवळ आणतांच गोळी धांवत येऊन तिला चिकटते आणि क्षणभरानें दूर पळते! मग फणीनें कितीही पाठलाग केला तरी ती हातीं लागत नाहीं. हें कां, असें मुलांसच विचारावें. उत्तर सांगण्याची घाई करूं नये. स्पर्शानें फणीवरील कांहीं विद्युत् गोळीवर गेली, आतां दोहोंवर सजातीय विद्युत् आहे, म्हणून त्या परस्परांस लोटतात, इतकें कोणी ना कोणी काढतोच. नंतर रेशमानें चोळलेली कांचेची नळी पुढें करावी. तीच गोळी तिच्याकडे झेपावते. फ्रान्समध्यें द्यु फे यांनीं भेंडाऐवजीं सोन्याचा वर्ख घेऊन १७३३ सालीं विद्युत् दोन प्रकारची असल्याचें दाखविलें, तें याच मार्गानें.

आकर्षण ही मात्र खरी कसोटी नव्हे. विद्युत् नसलेली गोळीही ओढली जातेच. कसोटी प्रतिसारणाची. आणि 'उत्पन्न' हा शब्दही खोडावा. केसांवरील इलेक्ट्रॉन फणीवर जातात. फणीवर जितकी ऋण विद्युत्, तितकीच धन विद्युत् केसांवर उरते.

पावसाळ्यांत, विशेषतः मुंबईच्या दमट हवेंत, हे प्रयोग बहुधा फसतात, आणि शास्त्रच खोटें असा मुलांचा ग्रह होतो. धडा श्रावणांत आला तरी शिक्षकानें तो मार्गशीर्षापर्यंत खुशाल थांबवावा.

पुढें मुलें फ्रँकलिनच्या १७५२ सालच्या पतंगाविषयीं विचारतातच. तो प्रयोग फळ्यावरच ठेवावा, आणि त्याचें कारणही सांगावें. १७५३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिखमान नांवाचे प्राध्यापक आकाशांतील विद्युत् मोजण्याच्या खटपटींत असतां तिच्याच आघातानें मृत्यु पावले.